चुलत पोवळं

२०१४ सालच्या नोव्हेंबरची बावीस तारीख, शनिवार. पेणला एका प्रवास कंपनीच्या दुकानात मी साठ हजार रुपये रोख मोजून दिले. हा पहिला हप्ता. एकूण रक्कम एक लाख शहाऐंशी हजार, तीन माणसांची. हजर मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि दुकानाचा मालक. मुलगी शिफ्टला गेलेली होती. साठातले अडतीस हजार बायकोचे स्वतःचे, माहेरच्या जमिनीत तिच्या वाट्याला येणाऱ्या वालाचे, चार वर्षं साठवलेले. नोटा मोजून झाल्या. तिचा भाऊ म्हणाला, "भावोजी, एवढ्यात तर दुबई झाली असती."

"दुबईत पोवळं पिकतं का?" बायको म्हणाली.

हे पोवळं काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. थोडंफार ते होतंच.

मी रोह्यात राहतो. इथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा, महिनाअखेर दोन्हींचा मेळ घालायचा. समुद्रप्रवास म्हणजे रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच, तीही लग्नाआधी केलेली. लहान जहाजातून आठवडाभर अरबी समुद्रातली बेटं बघत फिरायचं, ही आमच्या घरात कोणाची हौस नव्हती.

मुलीचं लग्न ठरत होतं. ती रसायनशास्त्र शिकलेली, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. मुलगा दुसऱ्या कंपनीत, घर अष्टमीला, म्हणजे पुलापलीकडे. दोघांच्या बसचा थांबा एकच होता. आम्हाला स्थळ म्हणून कळलं त्याच्या बरंच आधी त्या दोघांचं ठरलेलं होतं. मला हे मागाहून कळलं, बायकोला सुरुवातीपासून माहीत होतं. मुलाला वडील नाहीत, तो लहान असतानाच गेले. आईने शिवणकाम करून वाढवला. बाई नीट बोलणारी, घर स्वच्छ. अडलं ते पत्रिकेत. मुलीला कडक मंगळ आणि मुलाला नाही. म्हणजे, मानणाऱ्यांच्या हिशेबाने, नवऱ्याच्या जिवाला धोका. मुलाच्या आईने नकार दिला नाही. तिच्या गुरुजींनी एक उपाय सांगितला होता, तेवढा करा म्हणाली. मुलीने पोवळं वापरायचं. सात रत्तीचं, अस्सल, आणि अंगठीत अशा बेताने बसवलेलं की ते अंगाला लागलं पाहिजे.

मुलगी म्हणाली, "घालते की. एकदाचं घालते आणि मोकळी होते."

माझंही मत तेच. सात रत्ती म्हणजे बारा-तेरा हजारांचं काम. पेणच्या एका ओळखीच्या माणसाने एक आणून दिलं. सुंदर लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखं. मुलीने ते प्रयोगशाळेत नेलं आणि ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसलं. कापूस गुलाबी झाला. रंग दिलेला होता. ते परत केलं, दुसरं आणलं, ते काचेचं निघालं. तिसऱ्याचाही रंग उतरला. प्रत्येक वेळी पैसे परत मिळाले, पण बायकोचा दुकान या गोष्टीवरचा विश्वास उडाला.

मी म्हटलं, अंगठीत काय आहे ते कोण तपासायला येतंय.

"आज कोण नाय येणार," ती म्हणाली. "उद्या त्या पोराला साधी ठेच लागली तरी माझ्या पोरीच्या बोटाकडं बघतील. खोटं निघालं तर काय सांगू? कापूस दाखवू?"

ती पेण तालुक्यातल्या आतल्या गावची, भातशेतीच्या घरातली. रागावली की तिची भाषा माहेरी जाते. मला तिच्या बोलण्यात चूक सापडली नाही. मी माल घेताना जेवढा काटेकोर असतो तेवढीच ती या एका दाण्याबाबत होती.

आणि मग तिच्या भावाने ते पत्रक आणलं. 'प्रवाळ बेटांची सफर, लहान जहाजातून.' तिने मला विचारलं, प्रवाळ म्हणजे काय. माझ्या घरी शब्दकोश आहे. मी तो काढला आणि मोठ्याने वाचून दाखवलं: प्रवाळ, म्हणजे पोवळे. शब्दकोशात तसंच आहे, आजही आहे. पेणच्या दुकानाच्या मालकानेही दुजोरा दिला. "ताई, तिथं जमीनच पोवळ्याची," तो म्हणाला. तो खोटं बोलला असं मी आजही म्हणणार नाही.

मी हिशेब मांडून बघितला, बसत नव्हता. बारा हजारांच्या वस्तूसाठी पावणेदोन लाखांवर खर्च. त्यावर बायकोचं म्हणणं, बारा हजारांत काय मिळतं ते तीनदा बघून झालं. शिवाय लग्न झाल्यावर आपण तिघं मिळून कुठे जाणार आहोत? आजवर तरी कुठे गेलो होतो? याला माझ्याकडे आकडा नव्हता. पौष लागणार होता आणि पौषात बोलणी होत नाहीत, माघ उजाडेपर्यंत मुलाकडचे थांबणार होते. तेवढ्यात जाऊन येऊ असं ठरलं.

त्या बेटांवर जायला पोलिसांचा दाखला लागतो, आपण सभ्य आहोत असा. रोह्याच्या चौकीत हवालदाराने बायकोला कारण विचारलं. तिने सरळ सांगितलं, पोवळं आणायला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कागदावर 'पर्यटन' लिहिलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पनवेलहून रेल्वेने कोचीला पोचलो. जहाज मी समजत होतो त्याहून लहान निघालं. चार एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी लांबी. प्रवासी बत्तीस. निम्मे परदेशी, बहुतेक निवृत्त, उन्हाने लाल झालेले, आणि बाकीचे बंगळूरचे. आमच्या खोलीला गोल खिडकी होती आणि डिझेलचा वास. बायकोने आल्याच्या वड्या, लिंबं आणि माहेरचे भाजलेले वाल आणले होते. जहाज बंदर सोडून हलायला लागलं तशी ती आडवी झाली ती सकाळीच उठली. मला काही झालं नाही. मी नुसता फिरत राहिलो, पुढून मागे, मागून पुढे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या खोलीत पडदा लावून माहिती सांगितली गेली. सांगणारा केरळकडचा दाढीवाला माणूस, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास केलेला. परदेशी लोकांशी इंग्रजीत बोलायचा, आमच्याशी हिंदीत, आणि दोन्हींत सारख्याच उत्साहाने. त्याने सांगितलं ते असं: आपण ज्याला प्रवाळ म्हणतो तो दगड नाही, झाडही नाही, तो प्राणी आहे, मोहरीएवढ्या जीवांची वसाहत. ते आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतात, मरतात, त्यावर पुढचे बांधतात, अशी हजारो वर्षं, आणि त्याचं बेट होतं. पायाखाली तुडवू नका. हात लावू नका. आणि काहीही उचलायचं नाही. जिवंत तर नाहीच, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. परतताना कोचीला पिशव्या तपासतात.

माझी बायको मागच्या ओळीतून उभी राहिली. तिच्या हिंदीत तिने विचारलं, लाल कुठे असतं, अंगठीतलं.

तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. म्हणाला, ते इथे नाही. दागिन्यातलं लाल पोवळं दुसऱ्या समुद्रात वाढतं, युरोपाकडे, खोल आणि गार पाण्यात. इथल्या गरम पाण्यात आहे ते वेगळं. नाव एक, वस्तू दोन.

ती खाली बसली. मुलगी तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली, तिने मान हलवली नाही. मी मनातल्या मनात एक लाख शहाऐंशी हजाराला सात दिवसांनी भागायला लागलो आणि अर्ध्यात सोडून दिलं.

आता पाच दिवस उरले होते आणि परत फिरायला वाट नव्हती. फोनला रेंज नव्हती. घरी काही घडलं, अष्टमीहून काही निरोप आला, तरी कळायचा मार्ग नाही. बाकीचे प्रवासी खुर्च्या टाकून पाण्याकडे बघत पडायचे. तासन्‌तास. मला ते जमेना. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जायचं कळायचं नाही. मी लाइफ जॅकेटं मोजली, भरपूर होती. मी खलाशांना विचारलं की गोडं पाणी किती भरता आणि दिवसाला किती लागतं. तिसऱ्या दिवशी एका परदेशी बाईने मला थांबवून विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का. मुलीने तिला सांगितलं, बाबा सुट्टीवर आहेत.

बायकोने आशा सोडली नव्हती. तिचं म्हणणं, तो माणूस शिकलेला आहे, पण सगळा समुद्र त्याने थोडाच उलथून बघितलाय. रोज सकाळी जहाज एखाद्या बेटाबाहेर नांगर टाकायचं. मग रबरी होड्यांतून आम्हाला आतल्या शांत पाण्यात नेत, आणि ज्यांना पोहायचं नसेल त्यांच्यासाठी काचेच्या तळाची होडी असे. ती त्या होडीत पहिली चढायची आणि काचेवर वाकून बसायची ती होडी फिरून परत येईपर्यंत. मीही शेजारी. खाली जे होतं ते मी पुन्हा कधी बघेन असं वाटत नाही. सांबराच्या शिंगांची रानं. फ्लॉवरचे गड्डे, बैलगाडीच्या चाकाएवढे. एकावर एक रचलेल्या पत्रावळींसारखं काहीतरी. रंग मात्र शेवाळी, तपकिरी, पिवळट, कुठे टोकाला निळा. मधून माशांचे थवे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. एवढे मासे बघून रोहेकराला दुसरं काही सुचत नाही, मी म्हटलं, यातले किती खाता येत असतील.

"तुम्हाला खायचं सुचतंय," ती म्हणाली. एकदा तिने हात वर करून होडी थांबवायला लावली. लाल होतं, खरंच लाल, कपारीत. होडीवाल्याने बघून सांगितलं, स्पंज आहे. ते तिने मुलीकडून दोनदा विचारून घेतलं.

मुलगी मात्र पाण्यातून निघत नव्हती. पुण्याला शिकत असताना ती पोहायला शिकलेली. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि चेहरा खाली करून तरंगत राहायची. जेवायला आली की सांगत सुटायची, अमुक मासा प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, तमुक जागी कासव दिसलं. आम्ही दोघं तिच्या लग्नाच्या काळजीत आणि तिची भूक वाढलेली. बायको मला म्हणाली, हिला कायच पडली नाय गो बाई. त्याच दुपारी मुलगी खोलीत माझ्याशी एकटी होती तेव्हा टॉवेलने केस पुसत म्हणाली, "बाबा, खरं सांगा, नाही म्हणतील का ते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "तो आईविरुद्ध जाणार नाही. आणि मी त्याला जा म्हणणार नाही." मग पुन्हा पाण्यात गेली. तेव्हा मला कळलं की ती पाण्यात का राहते. तिलाही बसवत नव्हतं.

पाचव्या दिवशी ओहोटीच्या वेळी ती उथळातून परत येत होती. लाट मोठी नव्हती, पण तिने मुलीला पुढे ढकललं आणि उजव्या पायाची नडगी प्रवाळावर घासली. बोटभर लांब जखम, आणि तिच्या आजूबाजूला किसणीवर घासल्यासारखं सगळं. आम्ही काचेच्या होडीतून हे बघितलं. पाण्यात रक्त धुरासारखं पसरलं. बायको होडीत उभी राहिली, तिला खाली बसवायला दोघं लागले.

जहाजावर दाढीवाल्याने जखम गोड्या पाण्याने धुतली, ब्रशने घासली, वर औषध लावलं. मुलीने ओठ दाबून धरले होते. तो सांगत होता की प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, कारण त्याचे बारीक कण आत राहतात, कितीही घासलं तरी एखादा राहतोच.

बायको मुलीचं डोकं धरून बसली होती. तिने मान वर केली. "आत राहतं?"

राहतं, तो म्हणाला.

"ते आणि अंगठीतलं, एकमेकांचं कोण?"

त्याला प्रश्न कळला नाही. मुलीने दुखत असतानाही तो समजावून सांगितला. तो विचारात पडला आणि म्हणाला की नातं आहे, पण जवळचं नाही. सख्खं म्हणता येणार नाही. चुलत म्हणा.

"चुलत तर चुलत," बायको म्हणाली. "आमच्याकडं चुलत्यालापण वाटणी लागते."

मुलगी हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. मला मात्र पुढचं दिसलं आणि अस्वस्थ वाटलं. खोलीत आल्यावर मी बायकोला म्हटलं, हे चालणार नाही. त्यांनी पोवळं सांगितलं आहे, अंगठीत, सात रत्ती.

"अंगाला लागलं पाहिजे असं सांगितलंय. लागलं. आता याच्याहून जास्ती कसं लागायचं?"

"हा शब्दांचा खेळ झाला."

"मग प्रवाळ म्हणजे पोवळं, हे कोणी वाचून दाखवलं?"

मी म्हटलं, मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगणार, लाल तिथे नसतं हेही सांगणार. ती म्हणाली, सांगा की, मी कुठं लपवा म्हणतेय. परतीच्या दोन दिवसांत तिने स्वतःची खात्री करून घेतली. अस्सल होतं, रंग दिलेला नव्हता, दुकानातलं नव्हतं. मुलीच्या अंगात होतं. तिच्या दृष्टीने माल पोचला होता.

कोचीच्या धक्क्यावर पिशव्या तपासणाऱ्याने विचारलं, कोरल, शंख, काही आहे? मी नाही म्हटलं. शंभर पावलं पुढे गेलो आणि माझा पाय अडखळला. मी परत गेलो. त्या माणसाला सांगितलं की माझ्या मुलीच्या पायात प्रवाळाचा एक कण आहे, जाणूनबुजून आणलेला नाही. त्याने मुलीच्या पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्याला मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं. दोघंही बराच वेळ हसले. मग त्याने हाताने जा अशी खूण केली. बायको गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

संक्रांतीला आम्ही घरी होतो. माघ लागायला सहा दिवस होते. पहिले दोन दिवस मुलगी लंगडत कामाला गेली. मग नडगी सुजली, जखमेभोवती जांभळं झालं, हात लावला तर गरम. रोह्यातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की आत काहीतरी आहे, भूल देऊन उघडून काढावं लागेल, थांबण्यात अर्थ नाही.

बायको म्हणाली, चार दिवस थांबू. माघ लागला की त्यांना बोलावू, गुरुजींनाही बोलावू, त्यांना दाखवू, मग काढू. आधी काढलं तर दाखवायला काय राहिलं?

मी थांबायला नको म्हटलं, पण जोर लावला नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरेल असं वाटलं. तिसऱ्या सकाळी मुलीला ताप होता. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्टोअरला जायला निघालो होतो, डबा हातात होता, तो ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. बायको तिच्या पायाशी बसून पट्टी बघत होती.

"आई," मुलगी तोंड न वळवता म्हणाली, "बोहल्यावर मला दोन्ही पायांवर उभं राहायचंय."

बायकोने पट्टी सारखी केली. मी रिक्षा आणायला खाली गेलो. आता भांडावं लागणार, काय बोलायचं ते जिन्यावर ठरवत होतो. रिक्षा घेऊन आलो तर बायको दाराबाहेर उभी होती, एका हाताने मुलीला धरून आणि दुसऱ्या हातात मुलीच्या चपला.

दवाखान्यात आमच्या आधी मुलगा येऊन थांबला होता. मुलीने त्याला फोन केला असणार. आश्चर्य म्हणजे त्याची आई बरोबर होती, मोटरसायकलवर मागे बसून पुलावरून आलेली. बायकोचा चेहरा उतरला. पौषात, असं, दवाखान्यात भेटायचं नव्हतं तिला.

डॉक्टरांनी भूल दिली आणि जखम उघडली. आम्ही तिघं मोठी माणसं पडद्याशी उभी, मुलगा मुलीच्या उशाशी. दोन कण निघाले, तांदळाच्या कणीएवढे, पांढरे. डॉक्टरांनी ते चिमट्याने स्टीलच्या वाटीत टाकले. बायको पुढे झाली आणि तिने वाटी घेतली.

"काय हाय ते?" मुलाच्या आईने विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. मला थोडक्यात सांगता येत नाही. तीन दुकानी पोवळी, गुलाबी कापूस, शब्दकोश, जहाज, लाल पोवळं तिथे नसतं ही गोष्ट, चुलत नातं, कोचीचा तपासनीस, गेल्या दोन दिवसांतलं थांबणं. काही वगळलं नाही. डॉक्टर पट्टी बांधता बांधता ऐकत होते. मुलगा खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय ते मला दिसलं नाही.

मुलाची आई वाटीत बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बोटात होतं पोवळं."

तिने आपलं मोकळं बोट पुढे केलं.

"अस्सल. माझ्या आत्याच्या माळेतलं. मलापण मंगळ. लग्नापासून होतं बोटात. ह्यांना मोटारपंपावर शॉक लागला, त्या दिवशीपण होतं."

बायको म्हणाली, "मग वहिनी, आमच्याकडं मागितलंत कशाला?"

"मागितलं नसतं, आणि उद्या काय झालं असतं, तर मी कोणाकडं बघितलं असतं?" ती म्हणाली. "तुमच्या पोरीकडंच ना? माझ्याकडं बघितलं तसंच." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. मुलीच्या पायाची पट्टी नीट बसली की नाही ते बोटाने चाचपून बघितलं. "एवढ्यासाठी एवढ्या लांब गेलात. टाका ते. आणि दोन दिवस ठेवलंत कशाला आत? पोरीच्या जिवावर आलं असतं म्हंजे?"

 बायकोने वाटी हलवली, कण एका बाजूला गोळा झाले. मग कापसाच्या बोळ्यांबरोबर ते बादलीत टाकले आणि वाटी नळाखाली धुऊन डॉक्टरांना परत दिली.

"बोलणी माघातच करू," मुलाची आई जाताना म्हणाली. "पौषात नको."

मी डॉक्टरांचे पैसे द्यायला गेलो तर ते दिलेले होते. साडेसातशे रुपये, मुलाच्या आईने. मी तिला द्यायला गेलो, घेतले नाहीत. पुढेही दोनदा प्रयत्न केला. हे साडेसातशे कुठे धरायचे ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

माघात बोलणी झाली. पोवळ्याचं नाव कोणी काढलं नाही. मंगळाची शांत मात्र मुलाच्या आईने करायला लावली, तेवढ्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती, असं ती स्वतःच म्हणाली. शांत त्यांच्या घरी झाली. मुलगी पाटावर पाय लांब करून बसली, कारण तिला अजून मांडी घालता येत नव्हती. गुरुजींनी तिच्या बोटाकडे एकदा बघितलं, मुलाच्या आईकडे बघितलं आणि पुढचा मंत्र म्हणायला लागले. त्यांना सगळं सांगावं असं मला तिथे बसल्या बसल्या तीनदा वाटलं. बायकोने तीनही वेळा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खर्च अर्धा-अर्धा ठरला होता. सामान धरून आमच्या वाट्याचे सोळाशे चाळीस मी मुलाच्या आईला दिले, ते तिने घेतले. दक्षिणा अकराशे, त्यातले साडेपाचशे तिने आणि साडेपाचशे मी, अष्टमीच्या गुरुजींच्या हातात दिले.